पन्नाशीतला राइट विंगर: स्टॅन्ली मॅथ्यूज इतकी वर्षं टिकला कसा?

विचारणाऱ्यांचा मुलगा चौदा वर्षांचा आहे, राइट विंगला, म्हणजे मैदानाच्या उजव्या कडेने, खेळतो, आणि त्यांचा प्रश्न थोडक्यात असा की इंग्लंडचा स्टॅन्ली मॅथ्यूज पन्नासाव्या वर्षापर्यंत टॉप डिव्हिजनमध्ये खेळला असं म्हणतात ते खरं आहे का, आणि खरं असेल तर तो शाकाहारी होता, दारू पीत नव्हता म्हणून हे जमलं का, मुलाला तसाच डाएट लावू का.

मी कोल्हापुरात बरीच वर्षं पोरांना फुटबॉल शिकवतोय, त्यातही विंगर तयार करणं हे माझं आवडीचं काम, त्यामुळे या माणसाबद्दल जरा सविस्तर लिहितो. डाएटचं शेवटाकडे सांगतो कारण माझ्या मते ते उत्तरातलं सगळ्यात छोटं कारण आहे.

आधी खरं-खोटं. खरं आहे. मॅथ्यूजचा जन्म १ फेब्रुवारी १९१५ चा. स्टोक सिटीकडून पहिली लीग मॅच १९ मार्च १९३२ ला, बरी या टीमविरुद्ध, वय १७. शेवटची लीग मॅच ६ फेब्रुवारी १९६५ ला, परत स्टोकसाठीच, फुलहॅमविरुद्ध, फर्स्ट डिव्हिजनमध्ये (तेव्हाची सगळ्यात वरची), म्हणजे पन्नाशी ओलांडून पाच दिवस झाले होते. स्टोक ३-१ जिंकलं. फक्त एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, ती त्या सीझनमधली त्याची एकमेव लीग मॅच होती, आणि त्याच्या आधीच्या सीझनमध्येही दुखापतींमुळे तो थोड्याच मॅचेस खेळला होता. म्हणजे 'पन्नाशीपर्यंत दर शनिवारी खेळला' असं कोणी सांगत असेल तर ते बरोबर नाही. पण अठ्ठेचाळिसाव्या वर्षापर्यंत तो रेग्युलर खेळत होता आणि टीमला डिव्हिजन जिंकून देत होता, हे शंभर टक्के खरं आहे, आणि माझ्या दृष्टीने तेच जास्त मोठं आहे.

आता कसं टिकला. माझं मत स्पष्ट आहे, तो टिकला कारण त्याचा खेळ अशा गोष्टीवर उभा होता जी वयाबरोबर सगळ्यात उशिरा जाते. विंगर म्हटलं की लोकांना पन्नास-साठ मीटर सुसाट पळणारा पोरगा डोळ्यासमोर येतो. मॅथ्यूज तसा नव्हताच. तो बॉल पायात घ्यायचा, फुल बॅकच्या, म्हणजे कडेला उभ्या डिफेंडरच्या, दिशेने हळू जायचा, कधी कधी चक्क थांबायचा. डिफेंडर समोर आला की शरीर डावीकडे झुकवायचा, खांदा, कंबर, सगळं वजन असं टाकायचा की आता हा आत जाणार असंच वाटावं, आणि डिफेंडरचं वजन त्या बाजूला गेलं रे गेलं की उजव्या पायाच्या बाहेरच्या बाजूने बॉल ढकलून टचलाइनच्या, म्हणजे मैदानाच्या लांब कडेच्या, बाजूने निघून जायचा. बस. हीच एक मूव्ह. सगळ्या इंग्लंडला माहीत होती, समोरच्या फुल बॅकला माहीत होती, स्टँडमधल्या माणसाला माहीत होती, तरी तीस वर्षं चालली.

का चालली याचा विचार मी खूप केलाय कारण पोरांना तेच शिकवायचं असतं. पहिलं म्हणजे तो डिफेंडरला आधी हलायला लावायचा. आपली पोरं उलटं करतात, स्वतः आधी हलतात आणि डिफेंडर नुसता बघून पाय घालतो. मॅथ्यूज वाट बघायचा, बॉल पायाजवळ इतका जवळ ठेवायचा की डिफेंडरला टॅकल करावंसं वाटावं, आणि टॅकलला निघालेला डिफेंडर म्हणजे तोल गेलेला डिफेंडर. दुसरं म्हणजे निघाल्यानंतरची पहिली चार-पाच पावलं. त्या अंतरात त्याच्याइतका वेगवान माणूस त्या काळात क्वचितच कोणी असेल, पण त्यानंतर त्याला वेग लागायचाच नाही, कारण तोवर डिफेंडर मागे पडलेला असायचा आणि हा क्रॉससाठी मान वर करून बघत असायचा. माझ्या अनुभवात खेळाडूचा टॉप स्पीड तिशीच्या आसपास उतरायला लागतो, लांब स्प्रिंट मारणाऱ्यांचे हॅमस्ट्रिंग (मांडीमागचे स्नायू) तिथेच जातात, पण थांबलेल्या अवस्थेतून घेतलेला झटका, तो नीट जपला, रोज त्यावर काम केलं, तर बराच जास्त टिकतो. मॅथ्यूजने रोज त्यावरच काम केलं. ब्लॅकपूलला असताना सकाळी समुद्राच्या वाळूत एकटा जाऊन छोटे छोटे स्प्रिंट मारायचा, वर्षानुवर्षं, सीझन असो नसो.

आणि तिसरी गोष्ट, ज्याबद्दल फार कमी बोललं जातं. त्याने गोल करणं जवळपास सोडून दिलं. सुरुवातीच्या वर्षांत तो आत घुसून गोल मारायचा, १ डिसेंबर १९३७ ला टॉटनहॅमच्या ग्राउंडवर चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध इंग्लंडसाठी हॅटट्रिक केली होती, मॅच ५-४ अशी जिंकली. पण पुढे ब्लॅकपूलला चौदा वर्षांत ३७९ लीग मॅचेस आणि गोल किती, तर १७. पेनल्टी एरियाच्या त्या गर्दीत जाणं, हेडरसाठी उड्या मारणं, मागे येऊन टॅकल करणं, यातलं तो जवळजवळ काहीच करायचा नाही. काम एकच, बाहेरून जायचं आणि तयार बॉल स्ट्रायकरसमोर ठेवायचा. शरीराला मार बसणाऱ्या जागा टाळून त्याने आपल्या खेळाची हद्द स्वतः आखून घेतली होती, आणि माझ्या मते याच निर्णयाने त्याला दहा वर्षं जास्त दिली.

पण हे रोज उठून करण्याची शिस्त कुठून आली हे बघायचं तर त्याच्या घरात जावं लागतं. स्टोक-ऑन-ट्रेंटमधलं हॅन्ली, चिनी मातीची भांडी बनवणाऱ्या भट्ट्यांचं गाव, सगळीकडे धूर. वडील जॅक मॅथ्यूज, धंदा न्हाव्याचा आणि नाव बॉक्सिंगमध्ये, लोक त्यांना 'हॅन्लीचा लढवय्या न्हावी' म्हणायचे. आपल्याकडे जसं पैलवानाच्या घरात पोराला पहाटे उठवून जोर काढायला लावतात तसंच ते घर होतं, वडील पोरांना सकाळी सहाला उठवून उघड्या खिडकीसमोर दीर्घ श्वास घ्यायला लावायचे, मग व्यायाम. वडिलांना पोराने बॉक्सर व्हावं असं वाटत होतं, पोराला फुटबॉल पाहिजे होता, शेवटी वडिलांनी मान्य केलं पण सकाळचा व्यायाम सुटला नाही. पंधराव्या वर्षी तो स्टोक सिटीच्या ऑफिसमध्ये पोऱ्या म्हणून लागला, आठवड्याला एक पौंड, आणि बरोबर सतराव्या वाढदिवसाला प्रोफेशनल झाला, सीझनमध्ये आठवड्याला ५ पौंड आणि उन्हाळ्यात ३. इंग्लंडसाठी पहिली मॅच २९ सप्टेंबर १९३४ ला कार्डिफला वेल्सविरुद्ध, १९ वर्षांचा होता, ४-० जिंकले, त्यात एक गोल त्याचा. त्याच वर्षी स्टोकच्या ट्रेनरची मुलगी बेटी व्हॅलन्स हिच्याशी लग्न. सासरा ट्रेनर असल्याचा फायदा किती झाला हे मोजता येत नाही, पण घरातही ट्रेनिंगचीच भाषा होती एवढं नक्की.

लोकांचं त्याच्यावर प्रेम किती होतं याचा अंदाज यावा म्हणून एक प्रसंग सांगतो. १९३८ मध्ये मॅनेजर बॉब मॅकग्रोरीशी पटेना म्हणून त्याने स्टोक सोडायची परवानगी मागितली. गावात खळबळ. निषेध सभा भरली, तीन हजारांवर लोक हॉलमध्ये आणि आत जागा नाही म्हणून आणखी शेकडो बाहेर उभे. एका विंगरने क्लब सोडू नये म्हणून. तो राहिला.

मग युद्ध. त्याचं वय २४ ते ३१, कुठल्याही खेळाडूची सगळ्यात चांगली वर्षं, लीग बंद. तो रॉयल एअर फोर्समध्ये गेला, पोस्टिंग ब्लॅकपूलजवळ, तिथे ब्लॅकपूलसाठी पाहुणा खेळाडू म्हणून खेळत राहिला, इंग्लंडसाठीही युद्धकाळातल्या कितीतरी मॅचेस खेळला पण त्या ऑफिशियल कॅप्समध्ये (देशासाठीच्या मॅचेसच्या मोजणीत) धरत नाहीत. त्यामुळे रेकॉर्डमध्ये इंग्लंडसाठी फक्त ५४ मॅचेस, ११ गोल दिसतात आणि आजकालची पोरं म्हणतात एवढेच? तर त्या आकड्याकडे असं बघा की पहिली मॅच १९३४ ची आणि शेवटची १५ मे १९५७ ची, कोपनहेगनला डेन्मार्कविरुद्ध, वय ४२ वर्षं १०३ दिवस. इंग्लंडकडून खेळलेला सगळ्यात वयस्क खेळाडू आजही तोच.

युद्धानंतरचा काळ सोपा नव्हता. ९ मार्च १९४६ ला बोल्टनच्या बर्नडेन पार्कवर एफए कपची, म्हणजे इंग्लंडच्या नॉकआउट स्पर्धेची, मॅच होती, बोल्टन विरुद्ध स्टोक, गर्दी इतकी झाली की चेंगराचेंगरीत ३३ लोक गेले. मॅथ्यूज त्या मॅचमध्ये खेळत होता, मृतदेह टचलाइनच्या बाजूला ठेवलेले आणि मॅच पुढे चालू ठेवली गेली. त्यानंतरच्या सीझनला मॅकग्रोरीशी पुन्हा बिनसलं. दुखापतीतून परत आल्यावर त्याला रिझर्व्ह टीममध्ये खेळ म्हणाले, हे त्याला लागलं, आणि मे १९४७ मध्ये स्टोकने त्याला ११,५०० पौंडांना ब्लॅकपूलला विकलं. त्यात वाईट काय, तर सीझनच्या तीन मॅचेस बाकी होत्या आणि स्टोक चॅम्पियनशिपच्या शर्यतीत होतं. शेवटच्या दिवशी शेफील्ड युनायटेडकडून हरले आणि चौथे आले. मॅथ्यूज असता तर जिंकलेच असते असं छातीठोक म्हणता येत नाही पण मला तो निर्णय आजही पटत नाही, टीमचा सगळ्यात मोठा खेळाडू तुम्ही त्या आठवड्यात विकताच कसा?

ब्लॅकपूलचे मॅनेजर जो स्मिथ यांनी त्याला विचारलं होतं म्हणे, बाबा तू ३२ चा आहेस, अजून एक-दोन वर्षं निघतील का? निघाली चौदा. जो स्मिथ यांच्याकडून कोचने शिकण्यासारखी गोष्ट ही की त्यांनी याला खेळ कसा खेळायचा ते सांगितलंच नाही, मोकळं सोडलं. १९४८ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल पत्रकारांनी 'फुटबॉलर ऑफ द इयर' हा पुरस्कार सुरू केला, पहिला मानकरी हाच.

एफए कप मात्र हुलकावणी देत राहिला. १९४८ च्या फायनलला मँचेस्टर युनायटेडकडून ४-२ ने हरले, १९५१ ला न्यूकॅसलकडून २-० ने. मग २ मे १९५३, वेम्बली, एक लाख लोक, राज्याभिषेक महिन्यावर आलेली राणी एलिझाबेथ हजर, समोर बोल्टन. मॅथ्यूज ३८ वर्षांचा, आणि सगळ्या देशाला वाटत होतं या माणसाला आता तरी मेडल मिळू दे.

या मॅचची गोष्ट बहुतेक ठिकाणी अर्धवट सांगितली जाते म्हणून जरा थांबून सांगतो. दुसऱ्याच मिनिटाला नॅट लॉफ्टहाउसने बोल्टनला पुढे नेलं, स्टॅन मॉर्टेन्सनने बरोबरी केली, पण पन्नास-पंचावन्न मिनिटांपर्यंत बोल्टन ३-१ ने पुढे. आता कोचच्या नजरेने बघा. बोल्टनचा लेफ्ट हाफ (डावीकडचा मिडफिल्डर) एरिक बेल याचा हॅमस्ट्रिंग सुरुवातीलाच गेला होता, त्या काळी सब्स्टिट्यूट नाही, म्हणून त्याला लेफ्ट विंगला नुसता उभा केला, आणि तशा पायाने त्याने हेडर मारून तिसरा गोल केला, त्याची हिंमत वेगळीच. त्याच्या जागेवर मागे आला हॅरॉल्ड हॅसल, मूळचा फॉरवर्ड. आणि लेफ्ट बॅक राल्फ बँक्सच्या पायात शेवटी शेवटी गोळे यायला लागले. म्हणजे बोल्टनची अख्खी डावी बाजू ढिली पडली होती, आणि त्या बाजूला समोर कोण, तर राइट विंगला मॅथ्यूज. ब्लॅकपूलचा इनसाइड राइट (राइट विंगरच्या आतल्या बाजूला खेळणारा) अर्नी टेलर, बुटका पण फार हुशार खेळाडू, त्याने हे ओळखलं आणि शेवटची वीस-पंचवीस मिनिटं बॉल सतत मॅथ्यूजकडेच देत राहिला. ६८ व्या मिनिटाला मॅथ्यूजच्या क्रॉसवर मॉर्टेन्सनचा दुसरा, ८९ व्या मिनिटाला फ्री किकवर तिसरा, हॅटट्रिक, ३-३. आणि इंज्युरी टाइममध्ये मॅथ्यूज परत एकदा तीच मूव्ह करून बायलाइनपर्यंत, म्हणजे गोलच्या रेषेपर्यंत, गेला, मागे कट केलेला बॉल देताना पाय घसरला पण बॉल बरोबर गेला आणि बिल पेरीने तो आत मारला. ४-३.

लोक त्या फायनलला 'मॅथ्यूज फायनल' म्हणतात. मॅथ्यूजला स्वतःला ते कधीच आवडलं नाही, तो म्हणायचा हॅटट्रिक मॉर्टेन्सनची आहे. वेम्बलीच्या एफए कप फायनलमधली ती आजवरची एकमेव हॅटट्रिक. मला वाटतं अर्नी टेलरचंही नाव तितक्याच मोठ्याने घ्यायला पाहिजे. विंगर एकटा काही करत नाही, त्याला योग्य वेळी पायात बॉल देणारा कोणीतरी लागतो, तुमच्या मुलाच्या टीममध्ये तो कोण आहे हे आधी बघा.

नॅशनल टीमच्या सिलेक्टरांचं मात्र त्याच्याबद्दल कधी एकमत झालं नाही. आक्षेप असा की हा खेळ हळू करतो, डिफेन्सला परत जागेवर यायला वेळ देतो, आणि टॉम फिनीसारखा दुसरा जबरदस्त विंगर हाताशी होता, जो गोलही मारायचा आणि मागेही यायचा. आक्षेपात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. पण १९४७ च्या मे महिन्यात दोघांना एकत्र खेळवलं, मॅथ्यूज उजवीकडे फिनी डावीकडे, तर लिस्बनला जाऊन पोर्तुगालला १०-० ने हरवून आले. तरीही १९५० च्या ब्राझीलमधल्या वर्ल्ड कपला तो उशिरा पोहोचला, आणि अमेरिकेविरुद्धच्या मॅचला जिंकलेली टीम बदलायची नाही म्हणून त्याला बाहेर बसवलं, इंग्लंड १-० ने हरलं, जगभर नाचक्की झाली. मग स्पेनविरुद्ध खेळवला, तीही हरले आणि घरी आले.

एक फायदा झाला, ब्राझीलला त्याने तिथल्या खेळाडूंचे हलके बूट पाहिले. इंग्लंडमध्ये तेव्हा घोट्याच्या वरपर्यंत येणारे जाड चामड्याचे बूट असायचे, पावसात भिजले की दगड. मॅथ्यूजने आपल्यासाठी पातळ, हलके बूट खास बनवून घेतले, ते थोड्याच मॅचेसमध्ये खराब व्हायचे पण त्याला चालायचं, पायाला बॉल जाणवला पाहिजे एवढंच.

९ मे १९५६ ला वेम्बलीवर इंग्लंड विरुद्ध ब्राझील. मॅथ्यूज ४१ वर्षांचा, समोर लेफ्ट बॅकला निल्टन सांतोस, जो पुढे दोन वर्ल्ड कप जिंकला आणि जगातला सर्वोत्तम लेफ्ट बॅक म्हणून ज्याचं नाव आजही घेतात. इंग्लंडने दोन पेनल्टी घालवूनसुद्धा मॅच ४-२ ने जिंकली आणि मॅथ्यूजने निल्टन सांतोसला दिवसभर त्रास दिला. त्याच वर्षी युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूसाठी बॅलन डी'ऑर सुरू झाला, पहिला विजेता मॅथ्यूज, ४७ मतं, दुसरा रेआल माद्रिदचा डि स्टेफानो ४४. त्या वर्षी डि स्टेफानोने पहिला युरोपियन कप जिंकला होता, त्यामुळे हा निकाल एका सीझनपेक्षा सगळ्या करिअरला दिलेला मान होता असं मला वाटतं, आणि तसा दिला असेल तरी योग्यच होता.

आता पैसा, कारण तोही टिकण्याशी जोडलेला आहे. इंग्लंडमध्ये तेव्हा मॅक्सिमम वेज होतं, कितीही मोठा खेळाडू असला तरी क्लब ठराविक रकमेच्या वर देऊ शकत नव्हता, १९५८ मध्ये ती मर्यादा आठवड्याला २० पौंड होती, आणि ती उठली जानेवारी १९६१ मध्ये. मॅथ्यूजच्या नावावर क्लबांची गेटवर तुफान कमाई व्हायची आणि याला तेवढेच. म्हणून तो आणि बेटी ब्लॅकपूलला छोटं हॉटेल चालवायचे, तो जाहिराती करायचा, त्यात एक सिगारेटचीसुद्धा होती, स्वतः ओढत नसताना. मला ती जाहिरात खटकते. पण आजच्या पगारांच्या नजरेने त्याच्याकडे बघू नका एवढंच सांगतो.

आणि मग माझा सगळ्यात आवडता भाग. ऑक्टोबर १९६१. स्टोक सेकंड डिव्हिजनमध्ये तळाकडे घसरलेलं, होम मॅचला जेमतेम आठ हजार लोक येणार. मॅनेजर टोनी वॉडिंग्टन यांनी ४६ वर्षांच्या मॅथ्यूजला परत आणलं. लोक हसले असतील. पहिली मॅच २८ ऑक्टोबरला हडर्सफील्डविरुद्ध, ग्राउंडवर लोक ३५,९७४, आणि स्टोक ३-० जिंकलं. वॉडिंग्टनचं डोकं बघा, त्यांनी मॅथ्यूजला एकटं टाकलं नाही, त्याच्याभोवती तशीच अनुभवी माणसं गोळा केली, डेनिस व्हायोलेट, जिमी मॅकइलरॉय, ब्लॅकपूलचा जुना सोबती जॅकी मडी, आणि आर्सेनलकडून एडी क्लॅम्प नावाचा दणकट माणूस आणला, ज्याचं अर्धं काम हेच की मॅथ्यूजला कोणी लाथ घातली तर त्याच्याशी बोलायला जायचं. म्हाताऱ्या विंगरला टीममध्ये जागा करून द्यायची तर बाकी दहा जणांचं काम नव्याने वाटावं लागतं, ते या माणसाने केलं. १९६२-६३ ला स्टोक सेकंड डिव्हिजन चॅम्पियन. प्रमोशन पक्कं करणाऱ्या ल्यूटनविरुद्धच्या मॅचमध्ये एक गोल मॅथ्यूजचा, त्या सीझनमधला त्याचा एकमेव. आणि गंमत बघा, याच स्टोकबरोबर हीच डिव्हिजन तो १९३२-३३ मध्येही जिंकला होता. मध्ये तीस वर्षं. त्या वर्षी ४८ व्या वर्षी परत फुटबॉलर ऑफ द इयर.

१९६५ च्या सुरुवातीला नाइटहूड मिळालं, खेळत असताना 'सर' झालेला तो एकमेव फुटबॉलर. एप्रिलमध्ये निरोपाची मॅच झाली तिला याशिन, पुश्कास, डि स्टेफानो असे मोठे खेळाडू स्टोकला आले. एवढ्या करिअरमध्ये, जवळपास सातशे लीग मॅचेस, एकदाही रेफ्रीने ताकीद देऊन त्याचं नाव वहीत लिहिलं नाही. फुल बॅक त्याला तुडवायचे, तो उठायचा, काही न बोलता परत बॉल मागायचा आणि परत त्याच फुल बॅककडे जायचा. पोरांना मी हे वारंवार सांगतो, कारण चिडलेला विंगर पुढची दहा मिनिटं डोकं हरवून खेळतो.

सगळंच सोन्याचं नव्हतं. मॅनेजर म्हणून पोर्ट व्हेलला फारसं यश आलं नाही, १९६८ मध्ये तर खेळाडूंना नियमाबाहेर पैसे दिल्याबद्दल त्या क्लबला लीगमधून काढलं गेलं होतं, मग पुन्हा घेतलं. पण पोरांना शिकवण्यात त्याचा जीव होता. वर्षानुवर्षं उन्हाळ्यात आफ्रिकेत जाऊन शिकवायचा, आणि १९७५ मध्ये, दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाचे कायदे असताना, सोवेटोच्या काळ्या शाळकरी मुलांची टीम बांधून त्यांना ब्राझीलला घेऊन गेला. त्या पोरांना 'स्टॅन्स मेन' म्हणायचे. एवढ्या मोठ्या नावाच्या माणसाने हे करणं त्या काळात सोपं नव्हतं, आणि मला त्याच्या सगळ्या मेडल्सपेक्षा हे मोठं वाटतं. २३ फेब्रुवारी २००० ला ८५ व्या वर्षी तो गेला, अंत्ययात्रेला स्टोकच्या रस्त्यांवर लाखभर लोक उभे होते.

आता डाएट. होय, तो शाकाहारी होता, दारू-सिगारेट नाही, सॅलड, फळं, गाजराचा रस, आणि सोमवारी उपास. हे सगळं खरं आहे. पण सोमवारचा उपास शनिवारच्या मॅचनंतर, मोठ्या माणसाने, स्वतःच्या शरीराचा अंदाज घेऊन केलेला होता. चौदा वर्षांच्या वाढत्या मुलाला उपास अजिबात लावू नका, हे मी ठासून सांगतो. घरात शाकाहार असेल तर काही हरकत नाही, डाळ, उसळ, दूध, दही, शेंगदाणे भरपूर जाऊ दे, अंडी चालत असतील तर द्या. मॅथ्यूजकडून घ्यायचंच असेल तर झोप आणि नेम घ्या, तो लवकर झोपायचा, लवकर उठायचा, आणि व्यायाम चुकवायचा नाही.

ग्राउंडवर काय करायचं तर आठवड्यातून दोन-तीनदा, वॉर्म-अप नीट झाल्यावर, बॉल पायात घेऊन थांबलेल्या अवस्थेतून पाच मीटरचा झटका, पाच-सहा वेळा, मध्ये पूर्ण विश्रांती. दमून करायचं नाही, दमल्यावर झटका राहत नाही, नुसतं पळणं राहतं. मग समोर एक डिफेंडर उभा करा आणि मुलाला सांगा की डिफेंडरचा पाय हलेपर्यंत तू बॉल ढकलायचा नाही. सुरुवातीला बॉल जाईल, खूपदा जाईल, जाऊ दे, ओरडू नका. आणि डावीकडे झुकणं शिकवताना नुसतं डोकं हलवलं तर डिफेंडर फसत नाही, डाव्या पायावर खरंच वजन गेलं पाहिजे, गुडघा थोडा वाकलेला, तिथूनच उजवीकडे ढकल मिळते.

व्हिडिओ दाखवणार असाल तर १९५३ ची फायनल दाखवाच, पण त्याआधी १९५६ च्या ब्राझील मॅचची जी काही क्लिप मिळेल ती दाखवा, आवाज बंद करून. मुलाला सांगा मॅथ्यूजचे पाय बघू नको, निल्टन सांतोसचे बघ, त्याचं वजन कधी आणि कुठल्या पायावर जातं ते.